देवराई, देवस्थान आणि व्यवहार : भोर-वेल्हे परिसराच्या संदर्भात एक पुनर्विचार

प्रस्तावना

धर्मस्थळे आणि पैसा यांच्या संबंधांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. वारकरी संतांनी तीर्थक्षेत्रांतील दांभिकतेवर कोरडे ओढले. प्रबोधनकार ठाकरे यांनी ‘देवळांचा धर्म आणि धर्माची देवळे’ या लेखनातून पुरोहितशाहीच्या मिळकतीवर प्रहार केला. गाडगेबाबांनी देवळांऐवजी धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरच्या मंदिरातील बडवे-उत्पातांच्या वंशपरंपरागत हक्कांचा वाद १९७३ च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमानंतरही अनेक वर्षे चालला आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने संपला. ही परंपरा मोठी आहे आणि तिचे ऋण मान्य करूनच पुढे जावे लागते.

परंतु या सर्व टीकेचा रोख प्रामुख्याने एका व्यक्तीवर राहिला आहे. ती व्यक्ती म्हणजे देव आणि भक्त यांच्यामध्ये हात पसरून उभा असलेला मध्यस्थ. जेथे मध्यस्थ नाही, दानपेटी नाही, पुष्कळदा देवाच्या डोक्यावर छप्परही नाही, अशा स्थळी व्यवहार कसा शिरतो, हा प्रश्न या परंपरेने फारसा विचारलेला नाही. भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या तालुक्यांतील देवरायांचा विचार करताना नेमका हाच प्रश्न समोर येतो. देवराईविषयीच्या काही महत्त्वाच्या लेखनाचे या दृष्टीने पुनर्वाचन करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

देवराईचा नियम

हिरडस मावळ, गुंजण मावळ, रोहिड खोरे, कानद खोरे या जुन्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या डोंगराळ मुलखात गावाच्या कडेला, ओढ्याच्या उगमाशी किंवा डोंगराच्या उतारावर देवाच्या नावाने राखलेले रान आढळते. कोकणात त्याला देवरहाटी म्हणतात, घाटावर देवराई. आत एखादा तांदळा, शेंदूर लावलेला दगड, काही वीरगळ, मातीचे वा लाकडाचे घोडे, घंटा असे मोजकेच साहित्य असते. भोवती मात्र अंजनी, जांभूळ, हिरडा, बेहडा, आंबा आणि त्यांवर चढलेल्या जाडजूड वेली यांचा गर्द विस्तार असतो. शिरकोलीच्या शिरकाईचे रान पाहणाऱ्याला या वर्णनाची ओळख पटेल.

देवराईचा नियम साधा आहे. येथे द्यायचे असते, न्यायचे नसते. कुऱ्हाड चालवायची नाही, वाळलेली फांदीही घरी न्यायची नाही, पायांतील वहाणा बाहेर काढायच्या. अगदी अडलेच तर देवाला कौल लावून, त्याची अनुमती घेऊन एखादे झाड घ्यायचे. पूजाविधीपेक्षा हा नियम महत्त्वाचा, कारण नित्य पूजा होत नसलेल्या देवरायाही या नियमावरच टिकल्या. येथील पावित्र्य मूर्तीत साठवलेले नसून मर्यादेत साठवलेले आहे, असे म्हणता येईल. व्यापाराला येथे कोणी हाकलून दिले नव्हते. विकता येईल अशी वस्तूच तेथे शिल्लक ठेवलेली नव्हती, कारण झाड ‘माल’ होण्याची शक्यता नियमानेच नाकारली होती.

‘बन’ हा शब्द ज्याच्या नावातच आहे, त्या नसरापूरजवळील बनेश्वराचाही येथे उल्लेख करावयास हवा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७४९ मध्ये बांधलेल्या या मंदिराचा देव हा बनातील ईश्वर आहे. म्हणजे नाव देताना बन आधी आले आणि ईश्वर नंतर. आज सुटीच्या दिवशी पुण्याहून येणाऱ्या गर्दीत वाहनतळ, खाद्यपदार्थांच्या गाड्या आणि उद्यान यांचा विचार आधी होतो. क्रम उलटला की स्थळाचा अर्थही बदलतो.

दोन वाचने : कोसंबी आणि गाडगीळ-वर्तक

देवराईचे वाचन करणाऱ्या अभ्यासकांत दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) या ग्रंथात त्यांनी पुणे परिसरातील मातृदेवतांच्या स्थानांचा पायी हिंडून शोध घेतला आणि अशा स्थानांची मुळे शेतीपूर्व समाजात, जुन्या वाटांच्या संगमावर शोधली. कोसंबींच्या दृष्टीने देवराई हा इतिहासाचा दस्तऐवज आहे. लिखित साधने मूक असतात तेव्हा शेंदराचा दगड बोलतो, ही त्यांची अंतर्दृष्टी आजही ताजी वाटते. मात्र त्यांच्या लेखनात देवराई ही प्रामुख्याने ‘अवशेष’ म्हणून येते. अवशेषाचे रक्षण करण्याचे कारण अभ्यासकाजवळ असते. ज्याच्यासाठी ते स्थळ जिवंत आहे, त्या गावकऱ्याजवळ ते कारण असेलच असे नाही.

दुसरे वाचन माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांचे. १९७० च्या दशकात या दोघांनी पश्चिम घाटातील देवरायांची पाहणी केली आणि १९७६ मध्ये ‘इकॉनॉमिक बॉटनी’ या नियतकालिकात त्यांचा गाजलेला निबंध प्रसिद्ध झाला. देवराई म्हणजे अंधश्रद्धेचे जाळे, अशी सुशिक्षितांची समजूत असलेल्या काळात त्यांनी तिचे मोल शास्त्रीय भाषेत मांडले. दुर्मीळ वनस्पती, औषधी झाडे, पाण्याचे उगम आणि मूळ वनाचे नमुने तेथे कसे टिकून आहेत, हे त्यांनी दाखविले. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावच्या लोकांनी वनखात्याच्या तोडीपासून आपली देवराई वाचावी म्हणून धडपड केली, त्यामागे ओढा आटेल ही चिंता होती, हे उदाहरण गाडगीळांमुळेच अभ्यासकांना परिचित झाले. या कार्याचे महत्त्व वादातीत आहे.

तरीही एक समीक्षक म्हणून येथे थांबून विचार करावासा वाटतो. ज्या नियतकालिकात हा निबंध आला, त्याच्या नावाचा अर्थ ‘आर्थिक वनस्पतिशास्त्र’ असा होतो. हा योगायोग असला तरी सूचक आहे. देवराई वाचली पाहिजे, कारण ती उपयोगी आहे, हा युक्तिवाद त्या काळी आवश्यक होता, कारण शासनाला तीच भाषा ऐकू येत होती. परंतु उपयोगाच्या आधारावर जे वाचवले जाते, ते अधिक उपयोगाच्या आधारावर मोडताही येते. पाण्याचा उगम म्हणून देवराई राखली आणि उद्या गावात नळयोजना आली, तर राईचे समर्थन कोठे उरते? जैवविविधतेचे मोल पैशांत मांडले, आणि त्याहून मोठी रक्कम घेऊन कोणी आले, तर? निषेधाचा नियम तराजूत बसत नाही, हेच त्याचे बळ होते. त्याच्या बाजूने बोलताना आपणच तराजू आणला, ही या वाचनाची मर्यादा आहे. ती गाडगीळ-वर्तकांची व्यक्तिगत उणीव नसून आपल्या सर्व अभ्यासभाषेची मर्यादा आहे.

कोळसा आणि जीर्णोद्धार

भोर-वेल्ह्याच्या रानांवर व्यापार दोन वाटांनी आला. पहिली वाट बाहेरची. पानशेत धरणाचे काम सुरू झाले, रस्ते झाले आणि रस्त्यांबरोबर कोळशाचे व्यापारी आले. खाजगी मालकीची झाडे किरकोळ किमतीत भट्ट्यांत गेली. १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटल्याने पुण्यात झालेला हाहाकार सर्वांना ठाऊक आहे. त्याच धरणाच्या पाणलोटातील डोंगर कसे बोडके झाले, याची आठवण मात्र क्वचितच काढली जाते. लक्षणीय गोष्ट अशी, की गरजेपोटी आपली झाडे विकणाऱ्या माणसांनीही पुष्कळ ठिकाणी देवाचे रान विकले नाही. बोडक्या डोंगरावर उरलेले ते गर्द ठिपके म्हणजे, व्यापार दारी आलेला असतानाही नियम पाळला गेल्याचा पुरावा होय.

दुसरी वाट आतली आहे आणि ती अधिक विचार करावयास लावणारी आहे. तिचे नाव जीर्णोद्धार. देव उघड्यावर राहतो याची गावाला लाज वाटू लागते. मुंबई-पुण्यात नोकरी करणारे तरुण जत्रेला येतात, समिती होते, पावतीपुस्तक छापले जाते. स्लॅबचे देऊळ, सभामंडप, फरशी, रंगीत शिखर असा आराखडा तयार होतो. वर्गणी पुरली नाही की देवाचीच झाडे देवासाठी विकण्याचा विचार पुढे येतो. देवाचे देवालाच दिले, असे समर्थनही हाताशी असते. देवराईच्या ऱ्हासाच्या कारणांत मंदिरबांधणीचा उल्लेख महाराष्ट्रातील अभ्यासकांनी वारंवार केला आहे. मी स्वतः विद्यार्थ्यांसमवेत एका गावी गेलो असता नव्या मंडपातील भिंतीवर देणगीदारांची नावे आकड्यांसह कोरलेली पाहिली. ज्या झाडांच्या किमतीवर पाया भरला गेला, त्यांचा उल्लेख त्या यादीत नव्हता. गावाचे नाव देण्याचे येथे प्रयोजन नाही, कारण अशी गावे अनेक आहेत.

कोळशाचा व्यापारी श्रद्धेच्या विरोधात उभा होता, म्हणून श्रद्धेने त्याला ओळखले. जीर्णोद्धार श्रद्धेच्याच वेषात आला, म्हणून तो ओळखता आला नाही. व्यवहार पूजेत शिरतो तो नेहमी लोभाच्याच रूपाने शिरतो असे नाही. पुष्कळदा तो भक्तीच्या रूपाने शिरतो.

‘जेजुरी’तील पडके देऊळ

या ठिकाणी अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’चे स्मरण होते. भोरच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यातील खंडोबाच्या क्षेत्रावरील ही इंग्रजी कवितामालिका १९७६ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि १९७७ मध्ये तिला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. तिची चर्चा करताना बसची वाट पाहत मिळकतीचा अंदाज बांधणारा पुजारी बहुधा आवर्जून उद्धृत केला जातो. म्हणजे आपल्या टीकेचा परिचित मध्यस्थ तेथेही आपण शोधून काढतो.

माझ्या मते प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची कविता पडक्या मारुती मंदिराची आहे. छप्पर मारुतीच्या डोक्यावर कोसळले आहे, त्याची कोणाला फिकीर नाही, आणि एका कुत्रीने आपल्या पिलांसह तेथे आसरा घेतला आहे. पूजास्थान म्हणून ते संपले आहे, तरी देवाचे घर म्हणून उणावलेले नाही, असा त्या कवितेचा आशय आहे. कोलटकर श्रद्धाळू कवी नव्हेत. तरीही, किंवा त्यामुळेच, जीर्णतेला लाज मानण्याचे कारण नाही हे त्यांना दिसले. देवराईतील छप्पर नसलेल्या देवाविषयी गावातील म्हातारी माणसे ‘त्याला आत कोंडलेले चालत नाही’ असे म्हणतात, तेव्हा ती हेच सांगत असतात. आधुनिक कवी आणि खेड्यातील वृद्ध यांच्या दृष्टीतील हे साम्य आपल्या समीक्षेने नोंदवावयास हवे होते.

याच्या उलट टोकाला, भोर तालुक्याच्या सीमेलगत, वाई तालुक्यातील मांढरदेव आहे. २५ जानेवारी २००५ रोजी काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी आणि आग यांत जवळजवळ तीनशे माणसे मृत्यू पावली. दुर्घटनेची कारणे अनेक होती आणि तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती कोचर यांचा आयोग नेमला गेला. परंतु दुकानांच्या दाटीतून वर जाणारी अरुंद वाट आणि त्या दुकानांत भडकलेली आग यांचा विसर पडू देणे योग्य नाही. पोटासाठी नारळ-फुले विकणारे तेथील दुकानदारही त्या दिवशी पोळले. दोष विक्रेत्याचा नव्हे. देवाकडे जाणारी वाट किती रुंद असावी, हे ठरविताना स्थळाची मर्यादा कोणी विचारात घेतली नाही, हा दोष होय.

काही आक्षेप

या विवेचनावर काही रास्त आक्षेप संभवतात. पहिला असा, की देवराई निष्पाप नव्हती. तिच्या नियमांना भीतीचा आधार होता, पशुबळी होते, आणि अनेक ठिकाणी स्त्रियांना व विशिष्ट जातींना प्रवेशाची बंधने होती. हे नाकारता येत नाही. त्या बंधनांचा पुरस्कार येथे अभिप्रेत नाही. ‘कोणी यावे’ हा नियम आणि ‘काय न्यावे’ हा नियम वेगळे आहेत. पहिला मोडला पाहिजे, दुसरा राखला पाहिजे, आणि ते एकाच वेळी करणे शक्य आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. शहरात पगार घेणाऱ्या प्राध्यापकाने डोंगरातील गावाला देऊळ बांधू नका असे सांगावे काय? हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला आहे. पावसात जत्रा भिजते, बायकांना बसायला आडोसा नसतो, ही अडचण खरी आहे. आडोसा हवा तर तो राईच्या बाहेर, गावाच्या अंगणात उभारता येतो. गाडगेबाबांचा धर्मशाळेचा आग्रह या दृष्टीने पुन्हा वाचावा. माणसांसाठी छप्पर बांधा, देवाला त्याची गरज नाही, असा त्याचा अर्थ आज घेता येईल.

समारोप

आज भोर-वेल्ह्याच्या डोंगरउतारांवर जमिनींची खरेदी-विक्री जोरात आहे. गडाचे दर्शन, देवाचे सान्निध्य आणि निसर्गाची कुस यांची जाहिरात करून भूखंड विकले जातात. अशा वेळी देवराईच्या सीमेवरची झाडे पहिल्यांदा संकटात येतात. कायदा काही प्रमाणात हाताशी आहे. देवस्थान इनामाच्या जमिनी आणि सार्वजनिक न्यासांची स्थावर मालमत्ता परवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही. परंतु कायदा विक्रीची प्रक्रिया ठरवितो. काय मुळातच विक्रीयोग्य नाही, हे ठरविण्याचे काम संस्कृतीचे असते.

म्हणून आपल्या समीक्षेने ‘कोण कमावतो?’ या प्रश्नाबरोबरच ‘काय विक्रीयोग्य झाले?’ हा प्रश्न विचारावयास हवा. महाविद्यालयांतील मराठी, इतिहास आणि वनस्पतिशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन आपापल्या परिसरातील देवरायांच्या नियमांची नोंद करावी. झाडांची यादी अनेकांनी केली आहे. नियमांची यादी, ते सांगणारी म्हातारी माणसे आहेत तोवरच करता येईल. ती करताना प्रत्येक नियमापुढे त्याचा फायदा लिहिण्याचा मोह मात्र आवरावा लागेल.