फुली मारलेला पत्रा

विमानाच्या प्रायमरची परीक्षा घेताना ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर तो नीट चढवतात, पूर्ण वाळू देतात आणि मग टोकदार हत्यारानं धातू उघडा पडेपर्यंत त्यावर फुली मारतात. पुढे मिठाचं धुकं: पाच टक्के मीठ, ३५ अंश तापमान, अखंड. पेटीतून बाहेर आलेला पत्रा वाचायचा तो या चऱ्यांतून. शाबूत रंग फारसं काही सांगत नाही.

पत्रा बहुधा २०२४-टी३ मिश्रधातूचा. त्यातलं सुमारे साडेचार टक्के तांबं त्याला बळ देतं आणि घातही तेच करतं. तांबं असलेल्या कणांभोवतीचं ॲल्युमिनियम खाऱ्या ओलीत झिजतं, चऱ्यात पांढरी भुकटी साचते, कडेचा रंग फुगतो.

पिवळ्या स्ट्रॉन्शियम क्रोमेटचा प्रायमर दिलेल्या पत्र्यावर मात्र २,००० तासांनंतरही चरा चकाकतो. जिथे रंग उरलेलाच नाही, तिथेही हा प्रायमर राखण करतो! ओलीत थोडं क्रोमेट विरघळतं, सरकत उघड्या धातूपाशी पोचतं आणि तिथे न विरघळणाऱ्या क्रोमियमचा पापुद्रा धरतं. दुःख हे, की विरघळून सरकणं आणि समोरच्याचे इलेक्ट्रॉन ओढून घेणं, हेच गुण रंग फवारणाऱ्याच्या आणि जुना रंग घासून काढणाऱ्याच्या फुप्फुसात कर्करोग पेरतात. अमेरिकेनं २००६ मध्ये कामाच्या जागच्या हवेत क्रोमेटमधल्या अशा क्रोमियमची मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमवर आणली. युरोपात २०१९ पासून स्ट्रॉन्शियम क्रोमेटला खास परवानगी लागते.

त्याच्या जागी आलेल्यांपैकी मॅग्नेशियमची पूड भरलेला प्रायमर स्वतः झिजून ॲल्युमिनियमला वाचवतो. मिठाच्या पेटीत तो लवकर संपतो. उघड्यावर मात्र हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याच्या कणांवर कार्बोनेटची साय धरतो आणि तो टिकतो. केनेडी अवकाश केंद्राच्या समुद्रकिनाऱ्यावर नासा १९६६ पासून पत्रे वाऱ्या-उन्हात का ठेवते, ते इथे कळतं.

मला अधिक भावतो तो लिथियमचा क्षार घातलेला प्रायमर. क्षार विरघळून चऱ्यात उतरतो, तिथली ओल अल्कधर्मी करतो आणि पत्र्याच्याच ॲल्युमिनियममधून नवा थर उभा करतो: धातूलगत घट्ट, वर सच्छिद्र. क्रोमेटनं दाखवलेली वाट याला उमगली आहे, आणि त्या वाटेनं जाताना त्यानं विष बरोबर घेतलेलं नाही.