मराठी नाटकातील नेपथ्य : गिरगाव, दादर व परळ येथील रंगमंचांच्या संदर्भात

प्रस्तावना

मराठी नाट्यपरीक्षणांत नेपथ्याच्या वाट्याला बहुधा शेवटच्या परिच्छेदातील एखादे वाक्य येते. 'नेपथ्य समर्पक' अथवा 'नेपथ्य प्रसंगानुरूप' असा शेरा दिला की परीक्षणकर्त्याचे कर्तव्य संपते. महाविद्यालयीन अभ्यासक्रमातही नाटक मुख्यतः संहिता म्हणूनच शिकविले जाते. कथानक, व्यक्तिचित्रण, संघर्ष, संवाद यांची चर्चा होते. कंसातील रंगसूचना मात्र परीक्षेच्या दृष्टीने निरुपयोगी म्हणून ओलांडल्या जातात. प्रस्तुत लेखाची भूमिका याहून वेगळी आहे. नेपथ्य ही नाटकाची सजावट नसून नाटकाच्या अर्थाचा घटक आहे, आणि मुंबईतील मराठी नेपथ्य ज्या नाट्यगृहांत, ज्या आर्थिक मर्यादांत उभे राहिले त्यांचा विचार केल्याशिवाय त्याचे मूल्यमापन करता येत नाही, असे येथे मांडावयाचे आहे.

एक परिचित उदाहरण पाहू. विजय तेंडुलकर यांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) अनेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात समाविष्ट झालेले आहे. नाटकाच्या प्रारंभीच दाराच्या कडीत बेणारेबाईंचे बोट चेमटते. हा प्रसंग वाचक सहज विसरतो. पुढे खेळ म्हणून मांडलेला खटला अंगाशी येतो, बेणारे निघून जाण्यासाठी दाराकडे जाते आणि दार बाहेरून बंद झाल्याचे आढळते. सभागृहाची खोली त्या क्षणी पिंजरा बनते. येथे दार हे पात्रांच्या ये-जा करण्याची सोय उरत नाही. ते कथानकात हस्तक्षेप करते. दार वगळून या नाटकाचे विवेचन करणे म्हणजे एक पात्र वगळून विवेचन करण्यासारखेच आहे.

संज्ञेचा विचार

'नेपथ्य' या शब्दाचा आजचा अर्थ तुलनेने अलीकडचा आहे. संस्कृत नाटकात 'नेपथ्ये' ही सूचना पडद्यामागून येणाऱ्या आवाजासाठी असे. नेपथ्य म्हणजे वेषभूषा, तसेच नट सजतात ती जागा. भरताच्या नाट्यशास्त्रात दृश्यसामग्रीचा विचार आहार्य अभिनयात येतो. पुस्त, अलंकार, अंगरचना व सज्जीव हे त्याचे चार प्रकार होत. महत्त्वाचे हे की, भरताने या सामग्रीला 'अभिनय' म्हटले आहे. त्याच ग्रंथातील कक्ष्याविभागाच्या संकेतानुसार नटाने रंगपीठावर परिक्रमा केली की स्थळ बदलते. स्थळ निर्माण करण्याची जबाबदारी प्रथम नटावर आणि नंतर वस्तूंवर, असा हा क्रम आहे. मराठी रंगभूमीचा पुढील इतिहास पाहता हा क्रम उलटला गेल्याचे आणि काही काळाने पुन्हा सुलटा झाल्याचे दिसून येते.

पडद्यांचे युग

मुंबईत १८४६ साली ग्रँट रोड थिएटर सुरू झाले. १८५३ साली विष्णुदास भावे यांच्या मंडळीने तेथे प्रयोग केले. इंग्रजी व पारशी मंडळ्यांच्या अनुकरणातून रंगविलेले पडदे मराठी नाटकात रुळले आणि १८८० च्या 'संगीत शाकुंतल'नंतरच्या संगीत नाटकात त्यांना वैभव प्राप्त झाले. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव पेंटर, तसेच ललितकलादर्श मंडळीतील पु. श्री. काळे यांच्यासारख्या चित्रकारांनी या कलेला प्रतिष्ठा मिळवून दिली.

या पडद्यांचा विचार केवळ चित्रकला म्हणून करणे अपुरे आहे. महालाचा, उद्यानाचा किंवा वनाचा पडदा मागे. रस्त्याचा पडदा पुढे. रस्त्याच्या पडद्यापुढे दोन-तीन गौण पात्रे विनोदी प्रवेश करीत असताना मागे पुढील भव्य प्रवेशाची मांडणी होत असे. म्हणजे संगीत नाटकातील गंभीर व विनोदी प्रवेशांची आलटूनपालटून होणारी गुंफण ही केवळ नाटककारांची रसदृष्टी नव्हती. ती रंगमंचाची गरजही होती. विनोदी उपकथानक मूळ कथानकाशी एकजीव होत नाही असा आक्षेप आपण अनेक संगीत नाटकांवर घेतो, तेव्हा त्या आक्षेपाचे अर्धे उत्तर रस्त्याच्या पडद्यात दडलेले असते.

दिवाणखान्याचे आगमन

१ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' सादर केले. ब्यर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या नाटकावर श्री. वि. वर्तक यांनी ते बेतले होते. अंकांतर्गत प्रवेश टाळून एका स्थळी घडणारे नाटक, तीन बाजूंनी भिंती असलेली खोली आणि स्त्रीभूमिकांत स्त्रिया या तिन्ही गोष्टी येथे एकत्र आल्या. हा योगायोग नव्हे. पडद्यावरील महालापुढे स्त्रीवेषातील पुरुष शोभत असे, कारण दोन्ही संकेतच होते. भिंत, खिडकी, खुर्ची खरी झाली, तेव्हा तीत वावरणारी स्त्रीही खरी असणे क्रमप्राप्त झाले.

मो. ग. रांगणेकर यांच्या नाट्यनिकेतनने 'कुलवधू' (१९४२) सारख्या नाटकांतून ही खोली मध्यमवर्गाच्या परिचयाची केली. पदे कमी झाली, आटोपशीर झाली. दिवाणखान्यात गाणाऱ्या नायिकेला गाण्यासाठी घरगुती निमित्त लागू लागले. नेपथ्याने संगीताचे प्रमाणही बदलले. मात्र, या यशाची दुसरी बाजू नोंदविणे आवश्यक आहे. पुढील काही दशकांत कोच, जिना, दूरध्वनी आणि मध्यभागी दार हा व्यावसायिक नाटकाचा ठरीव साचा झाला. कोणतेही नाटक त्याच खोलीत घडू शकते असे वाटू लागले, की ती खोली अर्थशून्य होते.

गिरगावात १९३५ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी साहित्य संघाच्या परिसरात या साचेबंदपणाला पर्याय शोधण्याचे प्रयत्न झाले. द. ग. गोडसे (१९१४-१९९२) यांच्यासारखा इतिहास व कला यांचा व्यासंगी नेपथ्याकडे वळला, ही घटना या दृष्टीने मोलाची आहे. 'पोत' (१९६३) या ग्रंथाचा लेखक नेपथ्यकार असणे याचा अर्थ असा की, नेपथ्य ही सुतार आणि रंगारी यांच्या कौशल्याबरोबरच विचाराचीही बाब असल्याचे मराठीत मान्य होऊ लागले.

फिरता रंगमंच : यंत्र आणि अर्थ

आचार्य अत्रे यांच्या 'तो मी नव्हेच'चा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत झाला. गिरगावात वाढलेल्या प्रभाकर पणशीकर यांच्या लखोबा लोखंडेइतकाच या नाटकाचा फिरता रंगमंच प्रेक्षकांच्या स्मरणात राहिला. फिरता रंगमंच ही जगात नवी गोष्ट नव्हती. जपानच्या काबुकी रंगभूमीवर तो अठराव्या शतकापासून आहे. लंडनमध्ये १९८५ साली आलेल्या 'ले मिझराब्ल' या संगीत नाटकात जॉन नेपियर यांनी त्याचा केलेला उपयोग तर जगभर गाजला. तथापि, मराठी प्रयोगाचे वैशिष्ट्य निराळे होते. गावोगाव फिरणाऱ्या नाटकाबरोबर हे यंत्रही प्रवास करीत असे.

त्याचे खरे यश वेगात नसून आशयात आहे. साक्षीदार न्यायालयात बोलू लागतो, रंगमंच फिरतो आणि ज्या घरात फसवणूक घडली ते घर समोर येते. आरोपी वारंवार स्वतःला नाकारतो, आणि त्याचे प्रत्येक नाकारणे रंगमंच खोटे पाडतो. प्रेक्षक साक्ष ऐकत नाही, ती पाहतो. वेषांतर करणाऱ्या नटाला मिळणारा अवधी चक्राच्या फेऱ्यावर अवलंबून असल्याने अभिनय आणि यंत्र यांची एक लयही साधली जाते. पुढे हेच तंत्र जेथे केवळ टाळी घेण्यासाठी वापरले गेले तेथे ते विस्मरणात गेले, यात नवल नाही.

रिकामी जागा : छबिलदास आणि माणसांची भिंत

दादरच्या शिवाजी मंदिरने (१९६५) व्यावसायिक नाटकाला हक्काचे घर दिले, पण त्याबरोबर एक शिस्तही लादली. सुट्टीच्या दिवशी सकाळ, दुपार व रात्र असे तीन निरनिराळे प्रयोग लागतात. एका नाटकाचा सेट उतरवून दुसऱ्याचा उभा करण्यास मिळणारा वेळ अत्यल्प असतो. त्यामुळे फ्लॅट घडीचे, लेव्हल सुटे आणि सर्व सामान टेम्पोत मावणारे असावे लागते. नेपथ्यकाराच्या कल्पनेची पहिली परीक्षा रंगमंच कामगारांच्या हातांत होते.

त्याच दादरमध्ये, छबिलदास शाळेच्या सभागृहात, १९७४ पासून आविष्कारच्या पुढाकाराने सुरू झालेल्या चळवळीने नेमका उलट मार्ग स्वीकारला. तेथे ना मोठा रंगमंच होता, ना पैसा. अभावातून संकेत जन्मले. बादल सरकार यांच्या 'जुलूस'चा अमोल पालेकर यांनी केलेला प्रयोग प्रेक्षकांच्या मधून वावरला. प्रेक्षक आणि नट यांतील अंतर हेच नेपथ्य ठरले. याआधी पुण्यात, १६ डिसेंबर १९७२ रोजी, जब्बार पटेल दिग्दर्शित 'घाशीराम कोतवाल'मध्ये ब्राह्मणांची रांग भिंत झाली होती. ती भिंत गाते, डुलते, लपवते आणि उघडे पाडते. सत्तेचे कारस्थान माणसांच्या आडोशाने चालते हे विधान तेथे संवादातून करावे लागत नाही. भरताचा क्रम येथे पुन्हा प्रस्थापित झाला : स्थळ नटाच्या देहातून निर्माण झाले.

पु. ल. देशपांडे यांनी १९६१ पासून सादर केलेली 'बटाट्याची चाळ' हीही याच जातीची. एकट्या नटाने आख्खी चाळ वाचेने उभी केली. समोर बसलेले कित्येक प्रेक्षक स्वतः चाळीत राहणारे असल्याने त्यांना रंगविलेल्या कठड्याची आवश्यकता नव्हती.

वाडा आणि खोली

वास्तववादी नेपथ्य मात्र संपले नाही. ते अधिक अर्थपूर्ण होऊन परतले. महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' विजया मेहता यांनी १९८५ साली रंगमंचावर आणले. चंद्रकांत कुलकर्णी यांनी १९९४ साली आविष्कारतर्फे संपूर्ण नाट्यत्रयी सलग सादर केली, तेव्हा प्रदीप मुळ्ये यांच्या नेपथ्यात विदर्भातील वाडा मुंबईच्या प्रेक्षकासमोर उभा राहिला. वाड्यातील माणसे वाडा सोडू शकत नाहीत आणि टिकवूही शकत नाहीत. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर आणि रात्रीच्या एकांतात अंगभर दागिने घातलेली वहिनी ही दोन चित्रे एकाच ऱ्हासाची आहेत. मुंबईहून आलेल्या सुधीरच्या तुटलेपणाची जाणीव त्या वास्तूच्या आकारमानाशिवाय होत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला जयंत पवार यांचे 'अधांतर' (१९९७) आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबाची, गिरणगावातील चाळीतील एक खोली, एवढेच त्याचे स्थळ. वाड्यात माणसे एकमेकांपासून दूर जाऊ शकतात; खोलीत ती सोय नाही. भांडण, लाज, भूक, स्वप्न सर्वांच्या देखत घडते. येथील संघर्ष स्वभावातून जितका येतो तितकाच चौरस फुटांतून येतो. लालबाग-परळमधील गिरण्यांच्या जागी मॉल व मनोरे उभे राहिल्यानंतर ही रंगमंचावरील खोली एका नष्ट झालेल्या राहणीचा दस्तऐवजही ठरते. परळचे १९२२ सालचे दामोदर नाट्यगृह हे याच कामगारवस्तीच्या नाटकांचे आणि कोकणच्या नमन व शक्ती-तुऱ्याचे हक्काचे ठिकाण होते. ते २०२३ च्या अखेरीस पुनर्बांधणीसाठी बंद झाले, ही घटना या संदर्भात बोलकी आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनातून नेपथ्याच्या मूल्यमापनाचे तीन निकष पुढे येतात. नेपथ्य नटाला कोणती कृती करण्यास भाग पाडते अथवा रोखते. ते संवादात नसलेले कोणते विधान करते. आणि उपलब्ध नाट्यगृह, वेळ व पैसा यांच्या मर्यादेला ते कसे उत्तर देते. 'सुंदर' वा 'भव्य' ही विशेषणे या निकषांपुढे गौण ठरतात. रस्त्याचा पडदा, फिरणारे न्यायालय, माणसांची भिंत आणि चाळीतील खोली ही चारही स्मरणात राहिली ती त्यांनी काहीतरी केले म्हणून.

संहिता छापली जाते, पदे ध्वनिमुद्रित होतात. सेट मात्र प्रयोग बंद पडताच मोडला जातो आणि त्याचे लाकूड दुसऱ्या नाटकाला लागते. आराखडे, छायाचित्रे आणि रंगमंच कामगारांच्या आठवणी यांचे संकलन झाले नाही, तर मराठी नाटकाच्या इतिहासातील एक पूर्ण परिमाण केवळ 'नेपथ्य समर्पक' एवढ्याच शेऱ्याच्या रूपाने उरेल. मुंबईतील महाविद्यालयांच्या मराठी विभागांना हे काम अशक्य नाही. नाट्यगृहे पायी जाता येतील इतक्या अंतरावर आहेत आणि त्या सेटवर काम केलेले हात अद्याप आपल्यात आहेत. प्रारंभ म्हणून वर्गात नाटक शिकविताना कंसातील मजकूरही मोठ्याने वाचला जावा, एवढी अपेक्षा अवाजवी ठरू नये.