परिचारिकांची ‘नोकरी सोडण्याची इच्छा’ : एका मोजपट्टीची चिकित्सा

रुग्णालयातील वातावरण आणि परिचारिकेची नोकरी सोडण्याची इच्छा ह्यांचा संबंध तपासू पाहणाऱ्यास आयलीन लेक ह्यांची 2002 साली प्रसिद्ध झालेली 31 विधानांची प्रश्नावली जवळची वाटते. कारभारातील सहभाग, शुश्रूषेचा दर्जा, वरिष्ठ परिचारिकेचा आधार, पुरेसे मनुष्यबळ व डॉक्टरांशी संबंध ही तिची पाच अंगे. परिचारिका टिकवून धरण्यात यश मिळविलेल्या अमेरिकी रुग्णालयांच्या अभ्यासातून ती घडली. वातावरणाचे हे मापन आपल्याकडेही उपयोगी पडावे. रात्रपाळीला किती जणी, हा प्रश्न कोठेही लागू आहे. आमचा आक्षेप आहे तो ‘सोडणे’ ह्या क्रियापदाविषयी.

बुलढाणा–मलकापूर रस्त्यावरील मोताळ्याचे ग्रामीण रुग्णालय डोळ्यांपुढे आणावे. अशा ठिकाणची कायम सेवेतील अधिपरिचारिका वातावरणास विटली, तरी सहसा राजीनामा देत नाही. बदलीचा अर्ज देते. राज्याच्या 2005 च्या बदली अधिनियमाने पदावधी सामान्यतः तीन वर्षांचा धरला आहे. तो सरण्याची वाट पाहणे हीही सोडण्याचीच एक रीत होय. उलट, कंत्राटी परिचारिका सहकारिणींच्या मायेत रमलेली असली, तरी कायम पद मिळताच जाईल. म्हणजे पहिलीची ‘इच्छा’ शून्य भरते आणि दुसरीची पूर्ण. निष्कर्ष मात्र दोघींविषयी उलटा निघतो. मोब्ली ह्यांनी 1977 मध्येच असंतोष आणि राजीनामा ह्यांच्यामध्ये पर्यायांचा शोध व त्यांची तुलना ह्या पायऱ्या दाखविल्या होत्या. त्या गाळून थेट सहसंबंध काढणे हे मूळ उपपत्तीशीही इमान राखणे नव्हे.

शिवाय, असंतोषाला गमनाखेरीज वाचाही असते. हर्शमन ह्यांनी 1970 साली हा भेद मांडला. मे 2022 मध्ये राज्यातील शासकीय परिचारिकांनी बाह्यस्रोतांद्वारे भरतीस विरोध करीत संप केला, तो नोकरी सोडण्यासाठी खचितच नव्हे.

लहान रुग्णालयात आणखी एक अडचण आहे, आणि आमच्या मते ती सर्वांत गंभीर. जेथे परिचारिका मोजक्याच, तेथे वय, शिक्षण व सेवेची वर्षे एवढ्यावरून निनावी कागदही ओळखू येतो. ‘वरिष्ठ पाठीशी उभे राहतात’ ह्या विधानापुढे ती काय खूण करील, हे सांगावयास नको. तेथे गुणक काढण्याऐवजी मागील दहा वर्षांचे बदलीचे आदेश आणि पाळ्यांचे तक्ते एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत. कोणत्या महिन्यांत किती जणींवर कितीशा रात्री पडल्या आणि त्यानंतर कोण गेले, हे त्यांतून विनासायास कळेल.