महामारी आणि शाश्वत विकास : सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

टाळेबंदीत समुद्रकिनारे निर्मनुष्य झाले, निसर्गाने मोकळा श्वास घेतला. म्हणून महामारी शाश्वत विकासास पोषक ठरली, असा युक्तिवाद वारंवार केला जातो. सिंधुदुर्गच्या संदर्भात तो ग्राह्य धरता येत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या १७ उद्दिष्टांत दारिद्र्य निर्मूलन व आरोग्य यांचाही अंतर्भाव आहे, याचा त्यात विसर पडतो.

१९९७ मध्ये पर्यटन जिल्हा घोषित झालेल्या या जिल्ह्याचे अर्थकारण आंबा, मासळी, पर्यटन आणि मुंबईहून येणारा पैसा अशा चार आधारांवर उभे असल्याचे मानले जाते. मात्र हे आधार परस्परांपासून स्वतंत्र नाहीत. देवगड हापूसचा ऐन हंगाम, मालवण-तारकर्लीतील सुटीची गर्दी आणि १ जूनच्या पावसाळी मासेमारी बंदीपूर्वीचे अखेरचे दिवस हे सारे एप्रिल-मे महिन्यांतच येते. गिऱ्हाईकही बरेचसे मुंबई-पुण्याचेच. २५ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी सुरू होताच हे तिन्ही आधार एकदम डळमळले. चौथा आधार म्हणजे खुद्द चाकरमानी. तोही रोजगार गमावून गावी परतला आणि अनेकांना शाळेच्या खोल्यांत विलगीकरणात राहावे लागले. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने पुन्हा त्याच हंगामावर आघात केला.

चिपी विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले. ओरोस येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१-२२ मध्ये सुरू झाले. दुसऱ्याची गरज महामारीने सिद्धच केली होती. पहिल्यामुळे पर्यटनावरील मदार वाढते. टाळेबंदीत बागायतदारांनी शहरांतील गृहनिर्माण संस्थांना आंब्याच्या पेट्या थेट पोहोचविल्या, दलालाचा टप्पा वगळला, ही बाब अधिक अभ्यसनीय आहे. अर्थात गिऱ्हाईक तेथेही मुंबईचेच.