बाटलीवर नाव कोणाचं?

वाइनमधलं मला फारसं कळत नाही. ज्युलिया फ्लिन सायलर यांचं ‘द हाउस ऑफ मोंडावी’ (२००७) हे पुस्तक मी उचललं ते भाऊबंदकीसाठी.

इटलीहून अमेरिकेत आलेल्या चेझारे मोंडावीनं १९४३मध्ये कॅलिफोर्नियाच्या नापा व्हॅलीतली चार्ल्स क्रुग ही वायनरी घेतली. ती १८६१ सालची. थोरला रॉबर्ट विक्री बघायचा, धाकटा पीटर वाइन बनवायचा. वडील १९५९मध्ये गेले. १९६५मध्ये, रॉबर्टच्या बायकोच्या मिंक कोटाला पैसे कुठून आले यावरून पन्नाशीतले हे दोघे भाऊ हातघाईवर आले. आईनं पीटरची बाजू घेतली. रॉबर्ट बाहेर पडला आणि पुढच्याच वर्षी ओकव्हिलला त्यानं स्वतःच्या नावाची वायनरी काढली.

सायलर मुळात ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या पत्रकार. त्यामुळे कोर्ट, शेअर आणि बोर्डरूम आली की पुस्तक धावायला लागतं. १९७६मध्ये निकाल रॉबर्टच्या बाजूनं लागतो. १९९३मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरते. फिलॉक्सेरा किडीनं खाल्लेल्या बागा नव्यानं लावायला पैसा हवा असतो. मग रॉबर्टच्या दोन मुलांमध्ये तेच जुनं भांडण, आणि २००४मध्ये कॉन्स्टेलेशनला विक्री, कर्जासकट सुमारे १.३६ अब्ज डॉलरना. हा भाग मी दोनदा वाचला. माझ्याकडेही थोडे ईसॉप आहेत, आणि आमच्याकडे अशा विक्रीला ‘एक्झिट’ म्हणतात, केक कापतात. सायलर तिला अस्त म्हणतात. अजून मला ठरवता आलेलं नाही.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. पुस्तकाचं उपशीर्षक एका घराण्याचा उदय आणि अस्त सांगतं. अस्त कुणाचा? चार्ल्स क्रुग पीटरच्याच मुलांकडे राहिली. रस थंड तापमानाला आंबवायचा, म्हणजे पांढऱ्या वाइनचा ताजेपणा टिकतो, हे तंत्र नापामध्ये रुजवणाऱ्यांत पीटर होता. आमच्या भाषेत बॅकएंडवाला. रॉबर्टनं सोव्हिन्यों ब्लांला ‘फ्यूमे ब्लां’ असं नवं नाव दिलं आणि ती खपवून दाखवली. कौतुकच आहे! पण पुस्तकात पीटर बराचसा थोरल्याच्या वाटेतली धोंड म्हणूनच उरतो. लेखिकेला जे नाट्य हवं होतं, ते हळू चालणाऱ्या माणसाकडे नव्हतं, एवढंच.

त्यामुळे यातली सगळ्यात मोठी गंमत पुस्तकाच्या हातून निसटते. ज्या बाटलीवर मोंडावी हे नाव मोठ्या अक्षरांत, ती आता कंपनीची. आणि जी वायनरी मोंडावींची, तिच्यावर नाव मात्र भलत्याच माणसाचं.

२००५मध्ये, रॉबर्टची कंपनी गेल्यावर, नव्वदीच्या दोघा भावांनी दोन्हीकडची द्राक्षं घेऊन एकच पिंप वाइन केली, लिलावासाठी. तिचं नाव ‘अँकोरा उना व्होल्टा’, म्हणजे ‘पुन्हा एकदा’. पिंप चार लाख डॉलरच्या वर गेलं.