हॉकीच्या आठवणी आणि ध्यानचंदांचें ‘गोल’

आपल्याकडे हॉकीविषयीं जें कांहीं लिहिलें व बोललें जातें, त्याचा फार मोठा भाग आठवणींचा असतो. ज्यांनीं हा खेळ एके काळीं डोळे भरून पाहिला, किंवा ज्यांनीं तो वडील मंडळींच्या तोंडून ऐकला, त्यांच्या बैठकींत एक ठराविक क्रम आढळतो. प्रथम ध्यानचंद, मग रूपसिंग, मग बलबीरसिंग. पुढें १९७५ सालचें क्वालालंपूर आणि पाकिस्तानवर अशोककुमारांनीं केलेला तो विजयी गोल. आणि सरतेशेवटीं संघटनेचे चालक, म्हणजे हें सारें वैभव ज्यांनीं घालविलें ते! खेळाडू तेवढे देव आणि व्यवस्थापक तेवढे दैत्य, अशी ही सरळ पुराणरचना आहे. मौखिक असलें तरी हें एक प्रकारचें वाङ्मयच होय, आणि त्याची परीक्षा करावयाची तर हातीं कांहीं माप हवें. तें माप ध्यानचंदांनीं स्वतःच देऊन ठेविलें आहे. ‘गोल’ हें त्यांचें इंग्रजी आत्मवृत्त १९५२ सालीं मद्रासेस प्रसिद्ध झालें.

आठवणींतले ध्यानचंद आणि या पुस्तकांतले ध्यानचंद हे जणूं दोन निराळे गृहस्थ आहेत. आठवणींतल्या ध्यानचंदांच्या काठींत लोहचुंबक असल्याचा संशय हॉलंडमधील पंचांना येतो आणि ते ती मोडून पाहतात. व्हिएन्नांत त्यांचा चार हातांचा पुतळा उभा राहतो, मात्र तो नेमका कोणत्या चौकांत आहे हें कोणासच दाखवितां येत नाहीं. आणि खुद्द हिटलर त्यांस जर्मन सैन्यांत मोठा हुद्दा देऊं करतो. ही शेवटची कथा तर घराघरांत मुलांना सांगितली जाते; आणि जिच्याविषयीं ती आहे त्या माणसाच्या आत्मकथेंत तिला आधार नाहीं. बर्लिनच्या अंतिम सामन्यांत त्यांचे गोल किती, याविषयींही कोणी तीन सांगतात, कोणी सहा.

अशा दंतकथांनीं कोणाचें काय बिघडतें, असें कोणी विचारील. आमच्या मतें बिघडतें तें हें कीं, कष्टानें मिळविलेली विद्या चमत्काराच्या खातीं जमा होते. ध्यानचंद स्वतः सांगतात कीं, सैन्यांत भरती होण्यापूर्वीं आपण नांव घेण्यासारखी हॉकी खेळल्याचें आपणांस स्मरत नाहीं. त्यांना या खेळाची गोडी लावली व त्याचें शिक्षण दिलें तें पलटणींतील बाळे तिवारी या सुभेदार-मेजरांनीं. हा मनुष्य आठवणींच्या बैठकींत कधींच हजर नसतो. आणि असणार तरी कसा? लोहचुंबकाची गोष्ट एकदां मान्य केली म्हणजे गुरूचें प्रयोजनच उरत नाहीं.

या ग्रंथाचा खरा गाभा १९३६ सालच्या प्रकरणांत आहे. बर्लिनला पोहोंचल्यावर १७ जुलैस झालेल्या सरावाच्या सामन्यांत जर्मनीनें हिंदी संघाचा ४-१ असा पराभव केला. त्या रात्रीं खेळाडूंना झोप आली नाहीं, कित्येकांना अन्न गोड लागलें नाहीं, हें ध्यानचंद कोणताही आव न आणतां लिहितात. मग व्यवस्थापक जगन्नाथ, त्यांचे साहाय्यक पंकज गुप्ता, खेळाडू जाफर आणि कर्णधार ध्यानचंद एका खोलींत बसतात. कोणाचा खेळ उतरला आहे, कोणती जागा कच्ची आहे, याची चर्चा होते, आणि दारा यांना ताबडतोब पाठवा अशी तार हिंदुस्थानांत जाते. दारा विमानानें येतात, फ्रान्सविरुद्धच्या उपांत्य सामन्यांत खेळतात, आणि तो सामना १०-० असा जिंकला जातो. पावसामुळें अंतिम सामना एक दिवस लांबून १५ ऑगस्टला झाला. मध्यंतरापर्यंत एकच गोल झालेला. त्यानंतर ध्यानचंदांनीं खिळ्यांचे जोडे व पायमोजे काढून टाकले आणि रबरी तळव्यांचे जोडे घालून ते खेळले, निकाल ८-१. रसिकांना हे जोडे तेवढे आठवतात. ती खोली आणि ती तार त्यांच्या स्मरणांतून पार गळून गेली आहे. सामन्यापूर्वीं पंकज गुप्तांनीं तिरंगी झेंडा बाहेर काढला व सर्वांनीं त्याला वंदन केलें, हें कोठें कोठें सांगितलें जातें खरें. परंतु तेथेंही गुप्ता हे व्यवस्थापक होते, हें सांगण्याचें बहुधा राहून जातें.

मुंबईकरांनीं तर या पुस्तकांतील १९२८ सालचा भाग अवश्य वाचावा. अॅम्स्टरडॅमला निघालेल्या संघाला मुंबईच्या संघानें ३-२ असें हरविलें, आणि बंदरावर निरोप देण्यास आले तीन इसम. त्यांत संघटनेचे अध्यक्ष आणि उपाध्यक्ष होते. म्हणजे ज्यांना आपण दैत्यांच्या पंक्तींत बसवितों, त्यांचे पूर्वज तेथें उभे होते. रसिकांचा मात्र पत्ता नव्हता. सुवर्णपदक घेऊन संघ परतला तेव्हां त्याच बंदरावर माणसांची रीघ लागली. ध्यानचंदांनीं या दोन चित्रांवर भाष्य फारसें केलेलें नाहीं, आणि तें शहाणपणाचेंच झालें.

याचा अर्थ रसिकांचा राग सर्वस्वीं निराधार आहे असा नव्हे. १९९८ सालीं बँकॉकच्या आशियाई स्पर्धेंत बत्तीस वर्षांनीं सुवर्णपदक मिळालें, आणि त्यापाठोपाठ संघाचा नायक धनराज पिल्ले याच्यासह अनेक खेळाडूंना वगळण्यांत आलें. हा आमच्या पुण्याजवळच्या खडकीचा मुलगा. तेव्हां तें शल्य इकडे अधिक खोल गेलें असल्यास नवल नाहीं. २००८ सालीं ऑलिंपिकमध्यें प्रवेशच मिळाला नाहीं, आणि त्याच वर्षीं लांचेच्या आरोपामुळें जुनी संघटना निलंबित झाली. येथें कठोर शब्द वापरण्यास कोणाची हरकत असणार? परंतु १९७६ सालीं माँट्रियल येथें कृत्रिम गवतावर पहिल्यानेंच ऑलिंपिकचे सामने झाले आणि आपण सातवे आलों, हेंही त्याच दैत्यांचें कारस्थान म्हणून सांगितलें जातें, तेव्हां टीकेची जागा गाऱ्हाण्यानें घेतलेली असते. मैदान बदललें, चेंडूचा वेग बदलला, शरीराचा कस लावणारा खेळ आला. आणि आपलीं मुलें मात्र पुढें कैक वर्षें मातीच्या नि गवताच्या मैदानांवरच घडत राहिलीं. या गोष्टींचा हिशेब एका खलपुरुषाच्या नांवावर मांडून भागत नाहीं.

ग्रंथ म्हणून ‘गोल’ निर्दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. लेखक शिपाई आहे आणि त्याची लेखणीही शिपायाचीच आहे. वरिष्ठांविषयीं लिहितांना ती सावधान स्थितींत उभी राहते. पलटणीनें रजा नाकारल्याची हकीकत सांगतांनाही आवाज चढत नाहीं, आणि जिज्ञासू वाचकाला तो चढावा असें वाटत राहतें. दौऱ्यांचीं प्रकरणें निकालांच्या आंकड्यांनीं इतकीं भरलेलीं आहेत कीं, तीं चाळून पुढें जावें हेंच बरें. परंतु सहकाऱ्यांविषयीं लिहितांना हा अबोल मनुष्य उदार होतो, आणि तेथें एक गोष्ट जाणवल्याशिवाय राहत नाहीं. बर्लिनला तार करून ज्यांना बोलाविलें ते दारा १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें पाकिस्तानचे कर्णधार होते. त्यानंतर चार वर्षांनीं प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकांत ते जुने सोबती म्हणूनच येतात. आमच्या बैठकींत दारांचें नांव निघत नाहीं; निघालें तर, ते कोणत्या बाजूचे, हा प्रश्न प्रथम विचारला जातो.