मिसळ : नाश्ता की जेवण?

नाशिकला पाहुणे म्हणून गेलात की रामकुंड, काळाराम आणि पांडवलेणी ही तीन ठिकाणे तुम्हाला दाखवली जातात. चौथी मिसळ, ती नुसती दाखवून भागत नाही. पहिल्या तिघांबद्दल तुमचे मत काय, याची कुणाला पर्वा नसते. मिसळीबद्दल मात्र जपून बोलावे लागते. पंचवटीचा माणूस 'अंबिका' म्हणतो, सातपूरचा 'श्यामसुंदर' म्हणतो, आणि दोघेही एकमेकांच्या मिसळीला 'बरी असते' म्हणतात. मराठीत याहून घातक अभिप्राय नाही.

आमचे मेव्हणे मला पहिल्यांदा मिसळीला घेऊन गेले ते रविवारी, भर दुपारी. मी विचारले, "अहो, ही तर जेवायची वेळ!" त्यावर ते म्हणाले, "दाजी, हे जेवणच आहे." मिसळ हे जेवण होऊ शकते का, हाच मग माझ्या परीक्षणाचा विषय ठरला. हॉटेलचे नाव सांगत नाही. पुढे दोन वाकडे शब्द लिहायचे आहेत आणि दिवाळीला सासुरवाडीला जायचे आहे. गंगापूर रोडने शहर विरळ होता होता एक मळा लागतो, एवढे पुरे. तिथे झोपाळे आहेत, एक बिनबैलांची गाडी आहे, आणि नावे पुकारायला ध्वनिक्षेपक आहे. पाऊण तासाने आमचे नाव पुकारले. ते निम्मेच बरोबर होते; पण भुकेला माणूस निम्म्या नावालाही ओ देतो.

आधी दोष. ताटात पापड, दही, कांदा, लिंबू, जिलबी असा एवढा लवाजमा, की वरातीत नवरदेव शोधावा तशी मिसळ शोधावी लागली. जिलबी गार होती. गार जिलबी आणि तापलेला रस्सा यांना शेजारी बसवणे म्हणजे रुसलेल्या व्याह्यांना एका पंगतीत बसवणे. शेव आधीच घातलेली, त्यामुळे पहिल्या घासापर्यंत तिने मान टाकली होती. शेव खाणाऱ्याच्या हाती द्यावी. ती केव्हा घालायची, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे.

आता गुण. मटकीला मोड नेमके, दाताला कळेल इतपतच शिजलेले. आणि रस्सा काळा! पुण्याची मिसळ पोह्यांचा आधार घेते, कोल्हापूरची स्लाइस ब्रेड घेऊन येते आणि डोळे लाल करते. नाशिकची मिसळ काळ्या मसाल्यावर उभी असते. कांदा आणि सुके खोबरे करपायच्या एक क्षण आधीपर्यंत भाजायचे. त्यापुढे गेले की कडू, अलीकडे थांबले की नुसती आमटी. वर लाल तर्री तरंगते, कारण मिरचीचा रंग पाण्यात नव्हे, तेलात उतरतो. इथे तो एक क्षण बरोबर साधला होता.

पण खरी गोष्ट चवीपलीकडची आहे. 2015 साली लंडनच्या एका पुरस्कारात दादरच्या 'आस्वाद'ची मिसळ जगातली सर्वांत चविष्ट शाकाहारी डिश ठरली. आनंदच आहे. परंतु पुरस्काराच्या परीक्षकांना रस्सा पुन्हा मागण्याची वेळ येत नाही, आणि मिसळीची परीक्षा तिथेच सुरू होते. उसळीचे पैसे, जादा पावाचे पैसे. रस्सा मात्र हवा तितका. हा करार कुठे लिहिलेला नाही. नाशिक रोडला नोटांचा छापखाना 1928 पासून आहे. पण नोटा छापणाऱ्या गावातही ज्यांच्या खिशात मोजक्याच नोटा असतात, अशी माणसे असतातच. एक प्लेट, चार पाव आणि पुन्हा पुन्हा रस्सा, यावर असा माणूस संध्याकाळपर्यंत काम रेटतो. त्याच्यासाठी रस्सा म्हणजे दुसरी प्लेट.

शेजारच्या टेबलावर असाच एक जण होता. अंगावर कंपनीचा निळा शर्ट, समोर एकच प्लेट. त्याने चौथ्यांदा "रस्सा!" म्हटले. वाढणारा पोरगा आला, वाटी काठोकाठ भरली, कपाळाला आठी नाही, कोपऱ्यातल्या मालकाकडे चोरटी नजर नाही. वर "तर्री देऊ?" विचारले. आम्हा मध्यमवर्गीयांना दुसऱ्या वाटीलाच संकोच होतो. आम्ही वाटी जरा पुढे सरकवतो आणि दुसरीकडे बघतो. त्या पोराला तेही कळत होते. माझी वाटी न मागता भरली.

हल्ली काही गावांत 'जादा रस्सा, जादा पैसे' अशा पाट्या दिसू लागल्या आहेत. हिशेबाने ते बरोबर असेल. मसाला, तेल, गॅस, कुणाला फुकट मिळत नाही. पण ज्या दिवशी रस्सा मोजला जातो, त्या दिवशी मिसळ पुन्हा नाश्ता होते, आणि निळ्या शर्टाचा माणूस अर्धपोटी उठतो.

तेव्हा निकाल असा : जिलबी नापास, शेव पुढच्या वर्गात ढकललेली, झोपाळे परीक्षेच्या बाहेर, रस्सा विशेष योग्यतेसह उत्तीर्ण. आणि मिसळ? जोवर वाढणारा पोरगा मोजत नाही, तोवर जेवण.